ताप खरा की खोटा

जिनिव्हाच्या व्यासपीठावर परिषदेचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले तेव्हा होमी भाभा ४५ वर्षांचे होते. तारीख ८ ऑगस्ट १९५५. हिरोशिमाला दोनच दिवसांपूर्वी १० वर्षं झाली होती, आणि अणुशक्तीचा शांततेसाठी वापर कसा करायचा यावर बोलायला जगभरचे शास्त्रज्ञ पहिल्यांदाच एका छताखाली जमले होते. इकडे मुंबईत ट्रॉम्बेला अणुशक्ती केंद्राची उभारणी जेमतेम सुरू झाली होती. ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू व्हायला अजून वर्ष होतं. परिषदेत बोलणं सगळं विखंडनाचं चाललं होतं, म्हणजे युरेनियमचा अणू फोडून मिळणाऱ्या ऊर्जेचं. भाभांनी मात्र त्यापलीकडचं बोलून दाखवलं. येत्या दोन दशकांत संमीलनाची, म्हणजे हलके अणुकेंद्रक जुळवून मिळणारी, ऊर्जा ताब्यात ठेवून वापरण्याची रीत सापडेल, असं भाकीत त्यांनी केलं. ती सापडली की जगाचा इंधनाचा प्रश्न कायमचा मिटेल, कारण समुद्रात जितका जड हायड्रोजन आहे तितकं इंधन माणसाच्या हाताशी असेल.

सभागृहातले निदान तीन देशांचे लोक हे ऐकून चपापले असणार. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया तिघंही याच कामाला लागले होते आणि तिघांनीही ते कुलूपबंद ठेवलं होतं. भाभांनी उघड बोलल्यावर अमेरिका आणि ब्रिटनला त्याच परिषदेत कबूल करावं लागलं, की होय, आमच्याकडेही हे संशोधन चालू आहे.

१९७५ आलं आणि गेलं. संमीलनाच्या विजेवर एकही दिवा लागला नाही. भाभा ते पाहायला नव्हते, २४ जानेवारी १९६६ला माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात ते गेले. भाकीत चुकलं, आणि पुढेही अशीच वीस-वीस वर्षांची आश्वासनं दिली गेली, एवढं सांगून बहुतेक लोक हा विषय संपवतात. मला तसं संपवणं अन्यायाचं वाटतं. भाभांनी दिलेल्या त्या २० वर्षांच्या मुदतीत जे घडलं ते विज्ञानाच्या इतिहासातल्या फार प्रामाणिक प्रकरणांपैकी एक आहे. त्याच्या केंद्रस्थानी भट्टीइतकाच तापमापक आहे.

आधी थोडं तापाबद्दल. हायड्रोजनचे दोन केंद्रक एकमेकांजवळ आणले तर दोघांवरही धनभार असल्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. ते चिकटायचे असतील तर इतक्या वेगानं येऊन आदळले पाहिजेत की ढकलण्याला जुमानणार नाहीत. वायूच्या कणांचा असा बेभान वेग म्हणजेच तापमान. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंशांवर हे जमतं, कारण तिथे प्रचंड दाब आहे आणि सूर्याला कसली घाई नाही. पृथ्वीवर ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड भावंडांचं मिश्रण घेतलं तरी १० कोटी अंशांच्या पुढे जावं लागतं. त्या उष्णतेत अणू अणू राहत नाही. इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा होतो. प्लाझ्मा विद्युतभारित असल्यानं त्याला चुंबकीय क्षेत्रानं भिंतीपासून दूर धरता येतं. प्लाझ्मा किती दाट, किती वेळ आणि किती तापलेला ठेवला म्हणजे खर्चापेक्षा जास्त ऊर्जा हाती येईल, याचा हिशेब जॉन लॉसन या ब्रिटिश अभियंत्यानं १९५५मध्येच मांडला होता. हिशेब सोपा होता. पण त्यातला तापमानाचा आकडा खरा की खोटा, हे ठरवायचं कोणी आणि कसं? कुठलाही थर्मामीटर तिथे घातला की त्याची वाफ होणार, आणि त्याच्या स्पर्शानं प्लाझ्माही विझणार.

हार्वेल हे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डजवळचं ब्रिटनचं अणुसंशोधन केंद्र. पूर्वीचा हवाई दलाचा तळ, त्यामुळे प्रयोगशाळा विमानांच्या हँगरमध्ये. अशाच एका हँगरमध्ये १९५७च्या ऑगस्टमध्ये ‘झीटा’ नावाचं यंत्र सुरू झालं. मेदुवड्याची कल्पना करा: वड्यात जिथे पीठ असतं तिथे पोकळी, आणि त्या पोकळीत ड्युटेरियम वायू. नळीचा व्यास १ मीटर, तिचा वळसा ३ मीटर व्यासाचा. वायूतून जबरदस्त विद्युतप्रवाह सोडला की प्रवाहाभोवती त्याचंच चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि वायूला चहूबाजूंनी आवळतं. शास्त्रज्ञ त्याला ‘पिंच’ म्हणत, म्हणजे आपला चिमटाच. हा चिमटा नाठाळ असतो. आवळलेली प्लाझ्माची दोरी कुठे बारीक होऊन तुटते, कुठे मुरड घालून भिंतीला जाऊन भिडते. त्याला आवर घालण्यासाठी झीटात आणखी एक चुंबकीय क्षेत्र लांबीच्या दिशेनं दिलेलं होतं. काम पीटर थोनमन या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली चाललं होतं.

३० ऑगस्टला यंत्रातून न्यूट्रॉन यायला लागले. ड्युटेरियमचे दोन केंद्रक जुळले की न्यूट्रॉन सुटतो, म्हणून सगळे या पाहुण्याची वाट पाहत होते. पुढे प्रवाह वाढवत नेला तसे एका स्पंदाला, म्हणजे प्रवाहाच्या एका झटक्याला, १० लाखांपर्यंत न्यूट्रॉन मिळू लागले. तापमानाचा अंदाजही जुळत होता. प्लाझ्मात मिसळलेल्या इतर मूलद्रव्यांच्या वर्णरेषा पसरट झाल्या होत्या, आणि त्या पसरटपणावरून ५० लाख अंशांच्या आसपासचं तापमान निघत होतं. त्या तापमानाला जितके न्यूट्रॉन यायला हवेत साधारण तितकेच येत होते. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की माणसाचा विश्वास बसतो. कोणाचाही बसला असता.

त्या महिन्यांचं वातावरण लक्षात घ्यायला हवं. ऑक्टोबरात रशियानं स्पुटनिक सोडला. त्याच ऑक्टोबरात ब्रिटनच्या विंडस्केल अणुभट्टीला आग लागली. ब्रिटनला चांगली बातमी हवी होती. झीटाची कुणकुण वर्तमानपत्रांना लागली होती, आणि अमेरिका मुद्दाम प्रसिद्धी अडवते आहे असा बोभाटा सुरू झाला होता. अखेर १९५८च्या जानेवारीत पत्रकारांना बोलावलं गेलं आणि २५ जानेवारीच्या ‘नेचर’मध्ये लेख आला. लेखाची भाषा जपून होती. न्यूट्रॉन तापामुळेच आले असं सिद्ध झालेलं नाही, हे त्या वेळी लेखी सांगितलं गेलं होतं. पण पत्रकारांसमोर बसले होते हार्वेलचे प्रमुख सर जॉन कॉक्रॉफ्ट, अणुकेंद्रकाचं पहिलं कृत्रिम विघटन करून नोबेल मिळवलेले. खात्री किती, असं पुन्हापुन्हा विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं: ९० टक्के. दुसऱ्या दिवशी छापील लेखातला जपून लिहिलेला शब्द कोणाच्या लक्षातही नव्हता. ब्रिटननं स्वतःचा सूर्य तयार केला, अशा मथळ्यांनी पहिली पानं भरली होती.

इथे एक गोष्ट मला राहून राहून बोचते. त्यांना इशारा मिळालेला होता, आणि तो त्यांच्याच आवारात. १९५६च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह आणि बुल्गानिन ब्रिटनच्या भेटीला आले तेव्हा त्यांच्याबरोबर रशियाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख इगोर कुर्चातोव्ह होते. हार्वेलला येऊन त्यांनी रशियाचं संमीलनावरचं गुप्त काम व्याख्यानात उघड करून टाकलं. ऐकणारे थक्क झाले. त्या व्याख्यानातला सगळ्यांत मोलाचा भाग अपयशाचा होता. आम्हालाही काही वर्षांपूर्वी न्यूट्रॉन दिसले, आम्हीही हरखलो, आणि मग कळलं की ते खरे नव्हते, असं कुर्चातोव्ह सांगून गेले होते.

खरे नव्हते म्हणजे काय? जत्रेतली गर्दी डोळ्यांपुढे आणा. गर्दी सगळ्याच दिशांनी रेटारेटी करते आहे, जो तो कोणावर ना कोणावर आदळतो आहे, हा ताप. आता गर्दी बऱ्यापैकी शांत आहे, पण चार दांडगट पोरं एकाच दिशेनं मुसंडी मारत घुसली आणि वाटेत येणाऱ्यांना धडकत गेली, तर धडका तेवढ्याच मोजल्या जातील. पण गर्दी तापली होती असं म्हणता येणार नाही. प्लाझ्मात मुरड पडते तिथे विजेचा दाब एकाएकी वाढतो, आणि थोडे केंद्रक त्या दाबानं एका दिशेला भिरकावले जातात. ते जाऊन आदळले की न्यूट्रॉन सुटतात. अशा न्यूट्रॉनांचा वीजनिर्मितीला उपयोग नाही, कारण मूठभर कण पळवून संमीलन घडवण्यात जितकी ऊर्जा खर्च होते तितकी परत येत नाही.

न्यूट्रॉनांची गणती कितीही अचूक केली तरी दोन्हींतला फरक कळत नाही. तो ओळखला बेसिल रोझ यांनी, आणि रोझ हार्वेलचेच. त्यांनी झीटाशेजारी क्लाउड चेंबर मांडला. न्यूट्रॉनचा धक्का बसून उडालेल्या कणांच्या वाटा त्यात धुक्याच्या बारीक रेघांसारख्या उमटतात, आणि रेघेच्या लांबीवरून न्यूट्रॉनची ऊर्जा काढता येते. युक्ती साधी होती. संमीलन खरोखर तापामुळे होत असेल, तर प्रवाहाच्या दिशेनं सुटणारे आणि विरुद्ध दिशेनं सुटणारे न्यूट्रॉन सारख्याच ऊर्जेचे असायला हवेत, कारण तापाला दिशा नसते. रोझ यांनी न्यूट्रॉन मोजले, मग झीटातला प्रवाह उलटा फिरवून पुन्हा मोजले. एका दिशेचे न्यूट्रॉन सरासरीनं जास्त जोरकस निघाले, आणि प्रवाह उलटवल्यावर तो जोर दुसऱ्या बाजूला गेला. दांडगट पोरांची मुसंडी ती हीच. मे महिन्यात हार्वेलनं जाहीर केलं की झीटाचे न्यूट्रॉन तापाचे नाहीत. जानेवारी ते मे, सूर्य चारच महिने तळपला.

तापमानाचा दुसरा पुरावाही ढासळला. वर्णरेषा पसरट झाल्या होत्या, पण प्लाझ्मा तापल्यामुळे नव्हे, तर त्याचे लोटच्या लोट खवळलेल्या पाण्यासारखे इकडून तिकडे उसळत असल्यामुळे. दोन वाटांनी आलेला एकच आकडा दोन्ही वाटांनी चुकीचा होता.

रोझ यांचं नाव आज फारसं कोणाला ठाऊक नाही. मला तो माणूस मोठा वाटतो. साऱ्या देशानं डोक्यावर घेतलेला निष्कर्ष आपल्याच संस्थेत उभं राहून तपासणं आणि सापडलं ते सांगणं, याला लागणारं धैर्य प्रयोगशाळेबाहेरच्या माणसालाही समजेल. संस्थेचंही कौतुक करायला हवं. तिनं ते दडपलं नाही, आपल्या तोंडानं जाहीर केलं.

नामुष्की मोठी होती. झीटापुढच्या मोठ्या यंत्राची योजना १९६०मध्ये रद्द झाली. झीटा मात्र १९६८पर्यंत चालत राहिला. मथळे गेले, पत्रकार गेले, आणि जवळच्या कल्हॅममध्ये उभ्या राहिलेल्या नव्या प्रयोगशाळेतली तरुण मंडळी त्या बदनाम यंत्रावर प्लाझ्मा मोजायला शिकली. एकदा खोट्या तापानं तोंडघशी पडलेलं घर होतं ते. तिथे थर्मामीटरला देव्हाऱ्यात जागा मिळाली. १९६०मध्ये लेझरचा शोध लागला होता. लेझरचा प्रकाश प्लाझ्मात सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश पकडून त्याचा रंग तपासायचा, ही पद्धत या मंडळींनी हाताखालून घातली. तत्त्व आपण स्टेशनवर उभं राहून रोज ऐकतो: गाडी जवळ येताना शिट्टी चढी लागते, लांब जाताना उतरते. येणाऱ्या इलेक्ट्रॉनवरून परतलेला प्रकाश किंचित निळसर, जाणाऱ्यावरून परतलेला किंचित तांबूस. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, म्हणजे जितके तापलेले, तितका रंगाचा पट्टा रुंद. प्लाझ्माला हात न लावता त्याचा ताप कळतो, आणि मूठभर उधळलेल्या कणांनी या पट्ट्याला फसवणं अवघड असतं.

आता मॉस्को. कुर्चातोव्ह १९६०मध्ये वारले होते आणि संमीलनाचं काम लेव्ह आर्त्सिमोविच पाहत होते. त्यांची यंत्रंही मेदुवड्याच्याच आकाराची होती, पण लांबीच्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र फार बलवान ठेवलेलं. आंद्रेई साखारोव्ह आणि इगोर ताम यांची ही १९५०ची कल्पना. रशियन भाषेतल्या लांबलचक नावाची अक्षरं जोडून यंत्राचं नाव पडलं ‘टोकामाक’. १९६८च्या ऑगस्टमध्ये सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत आर्त्सिमोविच यांनी सांगितलं की टी-३ या टोकामाकमध्ये इलेक्ट्रॉनांचं तापमान १ कोटी अंशांपर्यंत पोहोचलं आहे, आणि प्लाझ्मा आजवर कोणालाही जमलं नाही इतका वेळ टिकतो आहे. त्या काळी पाश्चात्त्य यंत्रांतून प्लाझ्मा इतक्या वेगानं गळत असे, की अनेकांना हा निसर्गाचा नियमच वाटू लागला होता.

पश्चिमेनं विश्वास ठेवला नाही. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या मंडळींची शंका तर नेमकी झीटाच्या धड्यातून आलेली होती. रशियनांनी तापमान थेट मोजलेलं नव्हतं, प्लाझ्माच्या चुंबकीय परिणामावरून काढलं होतं. थोडेसे इलेक्ट्रॉन सुसाट सुटलेले असतील तर तोच परिणाम दिसेल आणि बाकीचा प्लाझ्मा थंडच असेल. शंका रास्त होती. हार्वेल एकदा फसलं होतं, मग मॉस्को कशावरून फसलं नसेल?

आर्त्सिमोविच यांनी जे केलं त्याला तोड नाही. कल्हॅमचे संचालक बास पीझ यांना त्यांनी सांगितलं, तुमचा लेझर घेऊन या आणि आमचा प्लाझ्मा तुम्हीच मोजा. पीझ यांनी झीटाच्या दिवसांत थोनमन यांच्या हाताखाली काम केलेलं होतं, त्यामुळे खोट्या तापाचा चटका त्यांना प्रत्यक्ष बसलेला होता. निमंत्रणाचा काळ पाहा. नोव्होसिबिर्स्कची परिषद संपून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच रशियाचे रणगाडे प्रागमध्ये शिरले. पूर्व आणि पश्चिम एकमेकांची तोंडं पाहायला तयार नव्हती. आणि जायचं होतं ते कुर्चातोव्ह संस्थेत, जिथे रशियाच्या अणुकार्यक्रमाचा पाया घातला गेला, १९४६मध्ये त्यांची पहिली अणुभट्टी जिथे पेटली, त्या आवारात.

तरीही ते गेले. निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, माइक फॉरेस्ट, पीटर विल्कॉक, आणि सोबत सुमारे ५ टन सामान: लेझर, भिंगं, प्रकाश पकडणाऱ्या नळ्या, विजेची उपकरणं. सगळं मॉस्कोला नेऊन दुसऱ्याच्या यंत्राला जोडायचं, ज्यात आपल्या मापाच्या खिडक्याही नाहीत. रशियाच्या बाजूनं सान्निकोव्ह त्यांच्याबरोबर होते. मापन अवघड होतं. माणकाच्या लेझरचा लाल झोत टी-३मध्ये सोडला की त्यातला अत्यंत क्षीण अंश इलेक्ट्रॉनांवरून उडून खिडकीत येतो. त्याच खिडकीतून प्लाझ्माचा स्वतःचा झगझगाटही येत असतो, आणि धातूच्या भिंतीवरून परतलेला लेझरचा उजेडही. दुपारच्या उन्हात लांबचा काजवा शोधावा तसं हे काम. त्यावर उपाय एकच, लेझरचा सगळा जोर क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात एकवटून सोडायचा आणि तेवढ्याच क्षणापुरते डोळे उघडायचे. स्पंदामागून स्पंद, दिवसामागून दिवस, ते वेगवेगळ्या रंगांत किती प्रकाश आला याचे बिंदू मांडत गेले.

बिंदू जुळून जी रेघ तयार झाली ती रुंद होती. १९६९च्या मध्यापर्यंत उत्तर हाती होतं, आणि १ नोव्हेंबरच्या ‘नेचर’मध्ये चौघा ब्रिटिशांच्या आणि एका रशियनाच्या नावानं ते छापून आलं. तापमान सुमारे १२ लाख अंशांपासून १ कोटी १६ लाख अंशांपर्यंत, आणि जिथे तुलना करता आली तिथे रशियनांच्या मापनाशी जुळणारं. ताप खरा होता.

त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला, त्यामुळे या लेखाकडे जगाचं लक्ष गेलं नाही. जाणकारांचं गेलं. प्रिन्स्टननं आपलं मोठं यंत्र, ‘मॉडेल सी’ नावाचं, उघडलं आणि फेरफार करून १९७०मध्ये त्याचा टोकामाक करून टाकला. लायमन स्पिट्झर यांच्या कल्पनेतून आलेल्या यंत्रांची ती परंपरा, त्यावर लोकांच्या आयुष्याची उमेदीची वर्षं गेलेली. पण शंका घेणाऱ्यांनीच उत्तर मान्य केलं आणि वाट बदलली. पुढच्या काही वर्षांत जपान, फ्रान्स, जर्मनी, इटली सगळीकडे टोकामाक उभे राहिले. भारतात भाभांच्या भाषणानंतर ३४ वर्षांनी, १९८९मध्ये, गांधीनगरजवळ भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा टोकामाक सुरू झाला. संस्था उभी केली प्रेधिमान कृष्ण कॉ यांनी, जे प्रिन्स्टनला काम करून मायदेशी परतले होते.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९७३च्या तेलसंकटानं सरकारांच्या तिजोऱ्या उघडल्या. १९८३मध्ये कल्हॅमलाच युरोपचा ‘जेट’ हा भव्य टोकामाक सुरू झाला. १९९७मध्ये त्यानं २४ मेगावॉट उष्णता घेऊन १६ मेगावॉट संमीलनाची शक्ती दिली. १९८५मध्ये रेगन आणि गोर्बाचॉव्ह भेटले आणि सर्व राष्ट्रांनी मिळून एक मोठं यंत्र बांधावं असं ठरलं. ही भेटही जिनिव्हातच. त्यातून दक्षिण फ्रान्समध्ये ‘इटर’ उभं राहत आहे, ५० मेगावॉट उष्णतेच्या बदल्यात ५०० मेगावॉट देण्याच्या उद्दिष्टानं. भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक आहे. यंत्राला बाहेरून वेढणारं सुमारे ३,८५० टनांचं पोलादी निर्वात पात्र मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोनं हजिऱ्याच्या कारखान्यात घडवलं, आणि त्याचे भाग समुद्रमार्गे फ्रान्सला गेले. इटरच्या जोडकामात दोष निघाले, दुरुस्त्या लांबल्या, आणि २०२४च्या नव्या वेळापत्रकानुसार ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९च्या आधी होणार नाहीत. अमेरिकेत लेझरच्या माऱ्यानं संमीलन घडवण्याची निराळी वाट आहे. तिथे ५ डिसेंबर २०२२ला इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ओतून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. ते लेझर चालवायला मात्र सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती.

ताप चढवणं आता साधलं आहे. १० कोटी अंश हा टोकामाकांत रोजचा व्यवहार झाला. खरी गाठ पडली आहे ती दोन वेगळ्याच ठिकाणी. पहिली ट्रिटियमची. भाभांनी समुद्राचं नाव घेतलं ते ड्युटेरियमसाठी खरं आहे. पाण्यातल्या साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो, तो कधी संपणार नाही. पण त्याचं जोडीदार ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच. ते किरणोत्सारी आहे, १२.३ वर्षांत निम्मं होतं, म्हणजे साठवून ठेवलं तरी घरातल्या कापरासारखं उडत राहतं. त्यामुळे भट्टीनं स्वतःचं ट्रिटियम स्वतः पिकवलं पाहिजे: सुटलेला न्यूट्रॉन भोवतालच्या लिथियमवर आदळवून. एका ट्रिटियमच्या संमीलनातून एकच न्यूट्रॉन मिळतो, आणि त्यातले काही वाया जाणारच. तेव्हा बियाण्याच्या दाण्याला किमान एक दाणा परत मिळेल असं शेत कसं कसायचं, हे पूर्ण मापाच्या यंत्रात अजून कोणीही करून दाखवलेलं नाही. मला हा अडथळा सगळ्यांत कठीण वाटतो, आणि याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

दुसरी गाठ भिंतीची. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या संमीलनातली पाचांपैकी चार हिस्से ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो पोलादात घुसतो आणि अणूंना जागेवरून उडवत जातो. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हा मारा सोसल्यावर पोलाद फुगतं, ठिसूळ होतं. १९५७मध्ये ज्या न्यूट्रॉनची वाट पाहिली जात होती, त्याच्यापासून आता भिंत वाचवायची आहे.

न्यूट्रॉन मोजण्याची जबाबदारीही संपलेली नाही, उलट वाढली आहे, कारण किती ऊर्जा निर्माण झाली याचा आकडा शेवटी न्यूट्रॉनांच्या गणतीवरूनच निघतो. कल्हॅमच्या लोकांनी ही गोष्ट किती मनावर घेतली ते सांगतो. जेटमधल्या शेवटच्या मोठ्या प्रयोगांआधी, २०१७मध्ये, त्यांनी यंत्राच्या पोकळीत रोबोटचा हात घातला. हातात न्यूट्रॉन सोडणारं एक छोटं उपकरण, ज्याची न्यूट्रॉनसंख्या आधी वेगळी मोजून ठेवलेली. तो हात मेदुवड्याच्या पोकळीत ठिकठिकाणी थांबवला आणि बाहेरच्या गणकांपर्यंत त्यातले किती न्यूट्रॉन पोहोचतात याची नोंद केली. चुकीची मर्यादा १० टक्क्यांच्या आत आणायची, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. हार्वेलचं ते हँगर तिथून काही मैलांवर होतं.

३ ऑक्टोबर २०२३ला जेटमध्ये ५ सेकंदांहून थोडा अधिक काळ प्लाझ्मा तापला, आणि ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडली. घरच्या मीटरवर मोजायचं तर १९ युनिटं. आत ओतलेली उष्णता याहून जास्त होती, हे त्यांनी कुठे लपवलं नाही. मोजण्याबद्दल कोणी शंका घेतली नाही.

१८ डिसेंबर २०२३ला जेट शेवटचा चालला. १९८३पासूनचा तो १,०५,८४२वा स्पंद होता. यंत्र आता मोडायचंच आहे, तर त्याचा शेवटचा दिवसही उपयोगी लावावा म्हणून सुसाट सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा झोत त्यांनी मुद्दाम आतल्या भिंतीवर नेऊन आदळवला. इतकी वर्षं ज्यांच्यापासून भिंत जपली तेच हे इलेक्ट्रॉन, प्रिन्स्टनला मॉस्कोच्या यंत्रात ज्यांचा संशय आला होता त्याच जातीचे. इजा कुठे आणि किती खोल होते, ते आत शिरून पाहता यावं म्हणून.